ओटीपोटाच्या आत आणि बाहेर: मुलींच्या चिठ्ठ्यांना एका स्त्रीरोगतज्ज्ञाचे उत्तर

शहादा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी विचारले आहे की, प्रजननसंस्थेचा पाठ शिकवताना फळ्यावर आकृती काढून होते, मुलींना अवयवांची नावे पाठ होतात, परीक्षेत गुणही मिळतात, पण स्वतःच्या शरीराविषयी त्यांना काही उलगडले आहे असे दिसत नाही; तेव्हा काय करावे. बाईंनी नववी-दहावीच्या मुलींकडून नाव न लिहिता चिठ्ठ्या मागवल्या होत्या. त्यांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न असे: लघवी आणि पाळी एकाच जागेतून येते का, सायकल चालवल्याने ‘पडदा’ फाटतो का, अंगावरून पांढरे जाते तो आजार आहे का, पाळीचे रक्त खराब असते का, आणि पंधरावे लागले तरी पाळी आली नाही तर काय करायचे. वर्गात वाचून दाखवता येईल असे उत्तर बाईंना हवे आहे, म्हणून यापुढचे मी थेट मुलींना उद्देशून लिहिते. त्या तासाला मुलांना मैदानावर पाठवू नये, असे मात्र माझे स्पष्ट मत आहे. हेच मुलगे उद्या कोणाचे तरी भाऊ, नवरे आणि बाप म्हणून दवाखान्यात येतात आणि बाईचा त्रास सांगण्याची वेळ आली की खाली मान घालून उभे राहतात.

पुस्तकातील नेहमीची आकृती समोरून काढलेली असते. मध्ये गर्भाशय, दोन्ही बाजूंना नलिका, नलिकांच्या टोकांपाशी अंडाशय आणि खाली योनिमार्ग असे त्यात दिसते. आकृती चुकीची नाही, परंतु तिच्यात दोन उणिवा आहेत. गर्भाशयाच्या पुढे मूत्राशय आणि मागे मलाशय असते, हे समोरून पाहिल्यावर कळत नाही. आणि शरीराच्या बाहेरचा, म्हणजे मुलीला रोज आंघोळ करताना हाताला लागणारा भाग त्यात काढलेलाच नसतो. तुमच्या चिठ्ठ्यांतील निम्मे प्रश्न नेमके या न काढलेल्या भागाविषयी आहेत. म्हणून मी बाहेरून सुरुवात करून आत जाते.

दोन्ही मांड्यांच्या मध्ये असलेल्या बाहेरच्या संपूर्ण भागाला भग म्हणतात. पुढच्या बाजूला, जघनास्थीवर, म्हणजे ओटीपोटाच्या खाली हाताला लागणाऱ्या हाडावर, चरबीचा एक मऊ उंचवटा असतो आणि वयात येताना त्यावर केस येतात. त्याच्या खाली त्वचेच्या दोन जाड घड्या असतात, त्यांना बृहद्भगोष्ठ म्हणतात, आणि त्यांच्या आत दोन पातळ घड्या असतात, त्यांना लघुभगोष्ठ म्हणतात. आतल्या घड्यांचा रंग गुलाबीपासून गडद तपकिरीपर्यंत कोणताही असू शकतो, एक बाजू दुसरीपेक्षा मोठी असू शकते आणि त्या बाहेरच्या घड्यांच्या बाहेर डोकावत असल्या तरी त्यात विकृती काहीच नाही. मोबाईलवर नको ती चित्रे पाहून ‘माझे वेगळे आहे’ या काळजीने येणाऱ्या मुलींची संख्या अलीकडे वाढली आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते. लघुभगोष्ठ पुढच्या बाजूला जिथे एकत्र येतात तिथे शिश्निका हा लहानसा, मज्जातंतूंनी भरलेला आणि म्हणून अतिशय संवेदनशील अवयव असतो. गर्भावस्थेत मुलाचे शिश्न ज्या ऊतीपासून बनते, त्याच ऊतीपासून मुलीत शिश्निका तयार होते. शाळेच्या आकृत्यांत ती बहुधा वगळलेली असते.

शिश्निकेच्या खाली, एकामागे एक, अशी तीन वेगवेगळी द्वारे असतात. सर्वांत पुढे मूत्रद्वार असते. ते इतके बारीक असते की सहज दिसत नाही, आणि म्हणूनच लघवी व पाळी एकाच जागेतून येते असा समज घरोघरी आहे. त्याच्या मागे योनिद्वार असते आणि पाळीचा स्राव येतो तो याच द्वारातून. त्याच्याही मागे, थोड्या अंतरावर, गुदद्वार असते. मूत्राशयाचा आणि गर्भाशयाचा मार्ग आतून कुठेही एकमेकांना मिळत नाही. म्हणून पाळीच्या दिवसांत लघवी लाल दिसली तर बहुधा ती बाहेर आल्यावर स्राव मिसळल्याने लाल झालेली असते. पाळी नसतानाही लघवी लाल येत असेल, तर तो मूत्रमार्गाचा प्रश्न असतो आणि त्याची तपासणी वेगळी असते.

या तीन द्वारांचा क्रम ठाऊक असला की एक रोजची सवय आपोआप कळते. शौचानंतर धुताना किंवा पुसताना हात नेहमी पुढून मागे न्यावा, कारण गुदद्वारापाशी असलेले जंतू पुढे आले की त्यांना मूत्राशयात पोचायला फार चालावे लागत नाही. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांब असतो. आपल्याकडे याला आणखी एक कारण जोडले जाते. मार्च-एप्रिलमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा चाळिशी ओलांडतो, शाळेतल्या मुताऱ्यांना कधी दार नसते तर कधी पाणी नसते, आणि मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, म्हणजे लघवीला जावे लागणार नाही. दुपारपर्यंत लघवी दाबून ठेवायची, घरी गेल्यावर जळजळ, मग ताप. याला गोळ्यांचा कोर्स असतोच, पण खरे औषध शाळेच्या मुतारीला कडी बसवणे हे आहे, आणि ते माझ्या हातात नाही, मुख्याध्यापकांच्या हातात आहे.

आता ‘पडदा’. योनिद्वाराच्या किंचित आत श्लेष्मल त्वचेची एक पातळ घडी असते, तिला योनिपटल म्हणतात. ती दार बंद करणारा पडदा नसते. बहुतेक मुलींत तिला जन्मापासूनच मध्ये किंवा एका बाजूला छिद्र असते. तसे नसते तर पाळीचे रक्त बाहेर आलेच नसते. काही मुलींत ती कड्यासारखी, काहींत चंद्रकोरीच्या आकाराची असते, काहींत इतकी अल्प असते की शोधावी लागते. वयात येताना संप्रेरकांमुळे, म्हणजे हार्मोन्समुळे, ती जाड आणि लवचिक होते. सायकल चालवणे, कबड्डी, धावणे किंवा शेतातले कष्टाचे काम यांनी तिच्यात कधी बदल होतो, बहुधा होत नाही, आणि झाला तरी त्याने आरोग्याला काडीचाही अपाय होत नाही. पहिल्या शरीरसंबंधाच्या वेळी प्रत्येक स्त्रीला रक्त येतेच, हेही खरे नाही. योनिपटल पाहून एखाद्या मुलीचा शरीरसंबंध आला आहे की नाही हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही, आणि सांगतो असे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीची ‘दोन बोटांची तपासणी’ करण्याला शास्त्रीय आधार नाही आणि अशी तपासणी करणारी व्यक्ती गैरवर्तनाची दोषी ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सांगितले आहे. तेव्हा लग्न मोडेल या भीतीने मुलीची सायकल बंद करून तिला शाळेपर्यंत पायी चालायला लावणाऱ्या आई-वडिलांना एवढेच सांगावे की, सायकल चालू द्या.

योनिपटलाचा खरा वैद्यकीय प्रश्न निराळाच आहे. फार क्वचित एखाद्या मुलीत ते जन्मतः पूर्ण बंद असते. तेरा-चौदा वर्षांची मुलगी, छाती भरलेली, उंची वाढलेली, पण पाळी नाही, आणि आई सांगते, “मनी आंडेरनं पोट दर महिनाले दुखस, पन पाळी येत नही,” म्हणजे माझ्या मुलीचे पोट दर महिन्याला दुखते, पण पाळी येत नाही. तोपर्यंत तिला पित्ताच्या गोळ्या देऊन झालेल्या असतात, कोणी अपेंडिक्स सांगितलेले असते, कोणी भगताकडे नेऊन आणलेले असते. ओटीपोटावर हात ठेवला तर मध्यभागी गोळा लागतो, कधी लघवीच अडते, आणि योनिद्वारापाशी निळसर, फुगलेला पापुद्रा दिसतो. पाळी तिला येतच असते, फक्त रक्त बाहेर पडायला वाट नसल्याने महिनोन्महिने योनिमार्गात साठत राहते. भूल देऊन पापुद्र्याला छेद दिला की जुने, दाट, गडद रक्त निघून जाते. शस्त्रक्रिया लहान असते आणि मुलगी सहसा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हसत घरी जाते. निदानाला लागलेल्या विलंबाचे कारण एकच असते: दुखणे ‘पोटाचे’ म्हणून सांगितले जाते आणि पाळी आली का हा प्रश्न मुलीला कोणी विचारतच नाही.

योनिद्वारापासून वर गर्भाशयाच्या मुखापर्यंत जाणारी ७ ते १० सेंटिमीटर लांबीची, ताणली जाऊ शकणारी स्नायुमय नळी म्हणजे योनिमार्ग. पाळीचा स्राव यातून बाहेर येतो, शरीरसंबंध येथे होतो आणि नैसर्गिक प्रसूतीत बाळ याच वाटेने जन्माला येते. एरवी तिच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. पोकळ भोक असते असे समजू नये. वयात आल्यावर इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन साठू लागते, तेथे राहणारे लॅक्टोबॅसिलस जातीचे उपकारक जीवाणू त्यापासून लॅक्टिक आम्ल बनवतात आणि आतील सामू (पीएच) ३.८ ते ४.५ इतका, म्हणजे आम्लधर्मी राहतो. या आम्लामुळे रोगजंतूंना तेथे पाय रोवता येत नाहीत. म्हणून आतून धुणे, साबणाचे पाणी, डेटॉल किंवा सुगंधी द्रावण आत सोडणे हे स्वच्छतेचे लक्षण नसून घरच्या राखणदाराला हाकलण्याचा प्रकार आहे. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुतला की पुरे.

यातूनच पांढऱ्या स्रावाच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. पहिली पाळी येण्याच्या सहा महिने ते वर्षभर आधीपासून मुलीच्या चड्डीवर पांढरट किंवा पारदर्शक, वास नसलेला स्राव दिसू लागतो आणि तो अंडाशये कामाला लागल्याची खूण असतो. दोन पाळ्यांच्या मध्यावर तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जाणारा होतो, पाळीच्या आधी घट्ट होतो. सुकल्यावर कपड्यावर पिवळसर डाग पडतो. तोही सामान्य आहे. ‘अंगावरून जाते म्हणून हाडे झिजतात, कंबर दुखते, अशक्तपणा येतो’ हे आपल्याकडे आजीपासून नातीपर्यंत पोचलेले वाक्य आहे आणि ते खरे नाही. या स्रावातून हाड वितळून जात नाही. अशक्तपणा असेल तर रक्त तपासावे, कारण बहुधा तिथेच सापडते. खाज सुटणे, दह्याच्या कवडीसारखा स्राव, हिरवट रंग, माशासारखा वास, लघवीला जळजळ किंवा ओटीपोटात दुखणे यांपैकी काही असेल तर मात्र तो संसर्ग असतो आणि बहुतेक वेळा थोड्या दिवसांच्या औषधाने बरा होतो. केवळ पांढरे जाते म्हणून तिशी-पस्तिशीत ‘पिशवी’ काढून टाकलेल्या बायका मी आपल्या भागात पाहिल्या आहेत. त्यांच्या मुली आज तुमच्या वर्गात बसल्या असतील, आणि पिशवी ही मुले झाल्यावर काढूनच टाकायची वस्तू आहे असे त्यांनी घरी ऐकले असेल. तसे नाही.

पिशवी म्हणजे गर्भाशय. ते ओटीपोटात, जघनास्थीच्या मागे, मूत्राशय आणि मलाशय यांच्या मध्ये असते आणि बहुतेक स्त्रियांत पुढे, मूत्राशयावर झुकलेले असते. आकार उलट्या पेरूसारखा, रुंद भाग वर आणि निमुळता भाग खाली. पूर्ण वाढ झालेल्या गर्भाशयाची लांबी सुमारे ७.५ सेंटिमीटर, रुंदी ५ आणि जाडी २.५ सेंटिमीटर असते. लहान मुलीत ते जेमतेम ३ ते ४ सेंटिमीटरचे असते आणि त्यातही निम्म्याहून अधिक भाग मानेचा, म्हणजे खालच्या निमुळत्या भागाचा असतो; वयात येताना वरचा भाग वाढतो आणि प्रमाण उलटे होते. त्याची भिंत जाड स्नायूंची असते आणि आतून रक्तवाहिन्यांनी भरलेले मऊ अस्तर असते. पाळीत गळून जाते ते हे अस्तर. त्या वेळी अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने सुटतात, त्यांच्यामुळे स्नायू आकुंचन पावतात आणि कळा येतात. तीच रसायने आतड्यांवर परिणाम करतात म्हणून काहींना पहिल्या दिवशी मळमळ आणि जुलाब होतात. म्हणजे ‘पाळीत दुखते’ हे मनाचे खेळ नव्हेत आणि ‘सगळ्याच बायांना दुखते, सहन कर’ हे त्यावरचे उत्तरही नव्हे. गरम पाण्याच्या पिशवीने शेकल्यास बऱ्याच मुलींना आराम पडतो. मेफेनॅमिक ॲसिडसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच कमी करतात, त्यामुळे त्या दुखणे असह्य झाल्यावर नव्हे तर सुरू होताच घेतल्या तर जास्त लागू पडतात. मात्र उपाशीपोटी घेऊ नयेत आणि मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. गोळीनेही न थांबणारे, दर महिन्याला वाढत जाणारे किंवा पाळी संपल्यावरही राहणारे दुखणे तपासून घ्यावे, कारण गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर वाढण्याचा आजार किशोरवयातही असतो आणि तो वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो.

गर्भाशयाचा खालचा निमुळता भाग योनिमार्गात उतरतो, त्याला गर्भाशयमुख म्हणतात. एरवी त्याचे छिद्र काही मिलिमीटरचेच असते, प्रसूतीत ते १० सेंटिमीटरपर्यंत उघडते. या मुखाचा कर्करोग बहुतांशी एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गामुळे होतो आणि त्यातील सुमारे ७० टक्के कर्करोगांना या विषाणूचे १६ आणि १८ हे दोन प्रकार कारणीभूत असतात. या दोन्हींविरुद्धची लस ९ ते १४ या वयात सर्वांत उपयोगी पडते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लस जानेवारी २०२३ मध्ये आली. तुमच्या वयाच्या मुलींसाठी हा विषय थेट कामाचा आहे, घरी विचारा.

गर्भाशयाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांपासून १० ते १२ सेंटिमीटर लांबीची एकेक बीजनलिका निघते. तिच्या झालरीसारख्या टोकाने अंडाशयातून सुटलेले स्त्रीबीज आत ओढले जाते, आणि पुरुषबीजाशी त्याचे मीलन होते ते गर्भाशयात नव्हे, तर या नलिकेच्या रुंद भागात. क्षयाच्या जंतूंनी या नलिका आतून चिकटू शकतात, इतके लक्षात ठेवले तरी पुरे.

अंडाशये दोन असतात, प्रत्येक सुमारे ३ सेंटिमीटर लांब. मुलीच्या शरीरात स्त्रीबीजे वयात आल्यावर तयार होत नाहीत. ती जन्माच्या आधीच तयार झालेली असतात. आईच्या पोटात पाच महिन्यांची असताना मुलीच्या अंडाशयांत ६० ते ७० लाख अपक्व बीजे असतात, जन्माच्या वेळी १० ते २० लाख उरतात आणि पाळी सुरू होईपर्यंत ३ ते ४ लाख. त्यांपैकी आयुष्यभरात साधारण ४०० ते ५०० बीजेच परिपक्व होऊन बाहेर पडतात. स्त्रीबीज ०.१ मिलिमीटरचे, म्हणजे शरीरातील सर्वांत मोठ्या पेशींपैकी एक, तरीही सस्तन प्राण्याचे बीज माणसाच्या दृष्टीस पहिल्यांदा पडले ते १८२७ मध्ये, कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर या शास्त्रज्ञाला. त्याआधी शतकानुशतके पंडित मंडळी स्त्रीला केवळ ‘क्षेत्र’ आणि पुरुषाला ‘बीज’ ठरवून मोकळी झाली होती.

अंडाशयांबाबत एका नव्या प्रकाराविषयी सावध करते. पाळी दीड-दोन महिने आली नाही की सोनोग्राफी केली जाते, अंडाशयांत बारीक बारीक पुटिका, म्हणजे बीज वाढवणाऱ्या द्रवाच्या पिशव्या दिसतात आणि चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात ‘पीसीओडी’, म्हणजे अनेक पुटिकांचा अंडाशयाचा आजार, असे लिहिलेला कागद येतो. या वयात अनेक पुटिका दिसणे स्वाभाविकच असते. पहिल्या पाळीपासून आठ वर्षे होईपर्यंत केवळ सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. पाळी दीर्घकाळ अनियमित असणे, चेहऱ्यावर दाट केस, न जाणारी मुरुमे, मानेवर काळपट पट्टा आणि वजन वाढणे असे सारे एकत्र असेल तर विचार करावा लागतो. दुसरीकडे, ओटीपोटाच्या एकाच बाजूला अचानक असह्य कळ येऊन उलट्या सुरू झाल्या तर अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आता हे सारे अवयव महिनाभर काय करतात ते पाहू. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी अंडाशयांना संप्रेरकांमार्फत संदेश देते, त्याने एक पुटिका वाढते आणि इस्ट्रोजेन सोडते, इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होते. पुटिका फुटून बीज बाहेर पडले की उरलेल्या भागाचे पीतपिंड बनते आणि ते प्रोजेस्टेरॉन सोडून अस्तराला गर्भासाठी सज्ज करते. गर्भ राहिला नाही तर सुमारे चौदा दिवसांत पीतपिंड सुकते, प्रोजेस्टेरॉन घटते आणि अस्तर गळते. ही पाळी. पहिली एक-दोन वर्षे पुष्कळदा बीज सुटतच नाही, म्हणून पाळी कधी लवकर, कधी उशिरा येते. तुमच्या वयात २१ ते ४५ दिवसांचे अंतर सामान्य समजावे आणि स्राव २ ते ७ दिवस असावा. हे अंतर मोजताना घरोघरी घोटाळा होतो, कारण आपण तारीख मोजतो. समजा ५ जूनला पाळी आली, मग २ जुलैला आणि पुन्हा ३० जुलैला. आई म्हणते, ‘एका महिन्यात दोनदा आली.’ प्रत्यक्षात पहिले अंतर २७ दिवसांचे आणि दुसरे २८ दिवसांचे आहे, म्हणजे पाळी अगदी नियमित आहे. पाळीच्या पहिल्या दिवसावर भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये खूण करा आणि एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंतचे दिवस मोजा.

पाळीच्या रक्तात खराब काही नसते. त्यात रक्त, अस्तराचे तुकडे आणि श्लेष्म एवढेच असते. वास येतो तो बाहेर हवेत आणि पॅडवर राहिल्याने. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलीटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे रक्त जाते. शरीरातील विष महिन्याला बाहेर टाकले जाते, हेही खरे नाही. तसे असते तर पाळी न येणारे सारे पुरुष कधीच विषबाधेने गेले असते. उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे (ज्वारीचे पापड) घालताना पाळी आलेल्या मुलीला बाजूला बसवतात, लोणच्याच्या बरणीला हात लावू देत नाहीत, श्रावणात कानबाईचे रोट, म्हणजे खानदेशातला देवीचा सण, असले की तिने सावलीही पाडायची नसते. श्रद्धेविषयी मी बोलत नाही, ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु तिच्या हाताने बिबडे लाल पडत नाहीत आणि लोणचे नासत नाही, हे शरीरशास्त्र म्हणून सांगणे माझे काम आहे. त्याहून मला खटकते ते हे की, रोट असो वा घरचे लग्न, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला मेडिकलमधून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या परस्पर आणून दिल्या जातात. त्या गोळ्या संप्रेरकांच्या असतात. नुकत्याच बसू लागलेल्या चक्रात वर्षातून तीनदा ढवळाढवळ करायची आणि मग पाळी अनियमित झाली म्हणून दवाखान्यात यायचे, याला अर्थ नाही.

पॅड दर चार ते सहा तासांनी बदलावे, स्राव कमी असला तरी. कापड वापरत असाल तर सुती वापरा, साबणाने धुवा आणि उन्हात वाळवा. ओढणीखाली किंवा न्हाणीच्या कोपऱ्यात लपवून वाळवलेले कापड दमट राहते आणि त्याने खाज व पुरळ येते. आपल्याकडे ऊन फुकट आणि भरपूर आहे.

एक-दोन तासांत पॅड भिजणे, अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठी पडणे किंवा सात दिवसांपेक्षा जास्त स्राव चालू राहणे हे अधिक रक्तस्राव मानावे. पहिल्याच पाळीपासून असे होत असेल तर रक्त गोठण्याचा जन्मजात दोष आहे का ते पाहावे लागते. बारा वर्षांवरील मुलीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय समजतात. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी त्यासाठीच आहे. ती दप्तरात न ठेवता जेवणानंतर घ्यावी, शौचाला काळे झाले तर घाबरू नये. नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. रक्त कमी, वारंवार सांधे दुखणे, डोळे पिवळे असा त्रास असेल तर सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे आणि त्यात ही तपासणी होते. सिकलसेल निघाल्यास लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच चालू ठेवावी.

पाळी सुरू झाली म्हणजे मुलगी लग्नाला आली, असा अर्थ शरीरशास्त्रात कुठेही नाही. कटीराची, म्हणजे कमरेखालच्या ओटीपोटाभोवतीची, हाडे पाळीनंतरही काही वर्षे वाढत असतात. अल्पवयीन मातेत रक्तक्षय, रक्तदाब, अडलेली प्रसूती आणि कमी वजनाचे बाळ यांचा धोका वाढतो. आणि बीज पहिल्या पाळीच्या आधीही सुटू शकते, त्यामुळे पाळी न आलेल्या मुलीला गर्भ राहूच शकत नाही असे समजू नये. अठराच्या आतील लग्न कायद्याने गुन्हा आहे. घरात असे काही ठरत असेल किंवा कोणी नको त्या ठिकाणी हात लावत असेल, तर १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा फोन क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

राहिली शेवटची चिठ्ठी. छातीची वाढ सहसा ८ ते १३ या वयात सुरू होते आणि त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. म्हणून तेराव्या वर्षापर्यंत छातीची वाढच सुरू झाली नाही, किंवा पंधरा पूर्ण झाली तरी पाळी आली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. ‘आमच्या घरात उशिराच येते’ हे खरे असू शकते, पण तपासून खरे ठरू द्यावे. कारणे अनेक असतात: खूप कमी वजन, थायरॉईडचा दोष, गुणसूत्रांतील फरक, वर सांगितलेले बंद योनिपटल, किंवा साधारण ५,००० मुलींत एकीला असणारी अवस्था, जिच्यात अंडाशये उत्तम असतात, छातीही वाढते, पण गर्भाशय तयारच झालेले नसते. पंधरा नुकती लागली असेल आणि बाकी वाढ ठीक असेल, तर काही महिने वाट पाहायला हरकत नाही. तपासणीची भीती मुलींना फार असते, म्हणून सांगते: आई किंवा नर्स सोबत असते, उंची, वजन आणि वाढ पाहतात, रक्त तपासतात, आणि अविवाहित मुलीची आतून तपासणी सहसा करत नाहीत. सोनोग्राफी पोटावरून होते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत ती सोय आहे. जाण्यापूर्वी तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी प्यावे आणि लघवी करू नये. भरलेल्या मूत्राशयाच्या मागे गर्भाशय स्पष्ट दिसते.